वाटण करून ठेवू नका: रॅरिटन बेमध्ये स्ट्रायपरला पहिल्यांदा जाताना

पहिल्या खेपेला मी आदल्या रात्रीच ओलं खोबरं, धणे आणि बेडगी मिरचीचं वाटण करून फ्रीजमध्ये ठेवलं होतं. दुपारी चारला घरी आले तेव्हा कूलरमध्ये फक्त बर्फाचं पाणी होतं. त्या वाटणात अंडी सोडली आणि जेवलो. मासे लागले नव्हते असं नाही. मी स्वतः दोन ओढले. एक लहान म्हणून परत गेला, दुसरा मोठा म्हणून. हे ‘मोठा म्हणून’ प्रकरण आपल्याकडच्या माणसाला पचायला वेळ लागतो. म्हणून हे लिहायला घेतलं.

मी अलिबागकडची. कल्ला उघडून मासा कालचा की आजचा ते शाळेत असल्यापासून कळतं. पण गरी हातात धरली ती अमेरिकेत एडिसनला आल्यावर, चाळिशीत, भाच्याच्या नादाने. खालचं सगळं न्यू जर्सीच्या रॅरिटन बेपुरतं आहे आणि तिकीट काढून बोटीवर जाणाऱ्या नवख्यांसाठी आहे. मित्राची बोट असेल तर दुसऱ्या टप्प्यातला एक इशारा तेवढा वाचा.

स्ट्रायपर म्हणजे स्ट्राइप्ड बास. रुपेरी अंग, त्यावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळ्या रेघा. दक्षिणेकडच्या चेसापीक बेकडे यालाच रॉकफिश म्हणतात. आपल्या जिताड्यासारखा हाही खाऱ्या-गोड्या दोन्ही पाण्यांतला, फक्त उलट्या चालीचा. जिताडा अंडी घालायला खाडीच्या तोंडाकडे खाली उतरतो, हा वसंतात समुद्रातून नदीत वर चढतो. हडसन, डेलावेअर आणि चेसापीकला मिळणाऱ्या नद्या ही याची माहेरं. स्टॅटन आयलंड आणि मॉनमथ काउंटीच्या मधला रॅरिटन बे हडसनच्या दारातच आहे, त्यामुळे येता-जाता हा पाहुणा इथे थांबतोच.

१. आधी महिना ठरवा, मग बोट

एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत एक हंगाम, ऑक्टोबर अखेर ते डिसेंबरची सुरुवात हा दुसरा. जुलैत विचारूच नका. तेव्हा बहुतेक मोठे मासे उत्तरेला न्यू इंग्लंडच्या थंड पाण्याकडे गेलेले असतात. पहिल्यांदा जाताय तर मे महिना धरा. मासा बेच्या आत असतो, उघड्या समुद्रावर जावं लागत नाही, आणि दक्षिणेचा वारा असला तर हायलँड्सची टेकडी तो अडवते.

बोटी दोन तऱ्हेच्या. पार्टी बोट म्हणजे एसटी: माणशी तिकीट, चाळीस-पन्नास लोक रेलिंगला खांद्याला खांदा लावून उभे. तिकीट शंभर डॉलरच्या आसपास, त्यात आमिष धरलेलं, रॉड बहुधा वेगळा भाड्याने. चार्टर म्हणजे अख्खी बोट आपली. लहान चार्टरवर सहाच माणसं चालतात, कारण कॅप्टनचं लायसन्स तेवढ्याचंच असतं. म्हणून तिला सिक्स-पॅक म्हणतात. सहा जणांत वाटूनही ती बरीच महाग पडते. माझं मत विचाराल तर पहिल्या वेळी पार्टी बोटच बरी. पैसे कमी जातात आणि शेजारी उभा असलेला, तीस वर्षं येणारा एखादा आजोबा फुकट शिकवतो.

सापळा: हायलँड्स आणि अटलांटिक हायलँड्स ही दोन वेगळी गावं आहेत. पत्ता नीट बघा. आम्ही पहाटे सव्वासहाला चुकीच्या गावातल्या धक्क्यावर उभे होतो आणि आमची बोट साडेसहाला दुसऱ्या गावातून सुटत होती. गाठली, पण कशी ते विचारू नका.

२. नियम आणि कागद

पार्टी किंवा चार्टर बोटीवर प्रवाशाला वेगळा परवाना लागत नाही. ओळखपत्र ठेवा, बस. किनाऱ्यावरून किंवा मित्राच्या बोटीवरून गळ टाकणार असाल आणि वय १६ किंवा जास्त असेल तर न्यू जर्सीच्या खाऱ्या पाण्याच्या नोंदणीत नाव घालावं लागतं. ते ऑनलाइन आणि फुकट आहे.

आता मुख्य गोष्ट. हे लिहिताना नियम असा आहे: माणशी दिवसाला एक मासा, लांबी २८ ते ३१ इंच. म्हणजे तीन इंचांची खिडकी. २७ चा परत, साडेएकतीसचाही परत. नियम मधूनच बदलतात, म्हणून निघायच्या आठवड्यात राज्याच्या मत्स्य विभागाचं पान उघडून बघाच.

मोठा का सोडायचा, हे मला भाच्याने समजावलं. मोठी असते ती बहुधा मादी, आणि जितकी मोठी तितकी अंडी जास्त. इथले लोक तिला ‘काऊ’ म्हणजे गाय म्हणतात. १९८०च्या दशकात हा मासा जवळजवळ हातचा गेला होता. १९८४ मध्ये केंद्राने त्याच्यासाठी कायदा केला, मेरीलँडने १९८५ पासून पाच वर्षं मासेमारीच बंद ठेवली, आणि १९९५ मध्ये साठा सावरल्याचं जाहीर झालं. नंतर पुन्हा घसरण लागली. २०१५ साली जन्मलेली पिढी भरघोस होती. ती वाचावी म्हणून २०२३ मध्ये वरची मर्यादा ३१ इंचांवर आणली. श्रावणात मासे न खाणाऱ्या आईला फोनवर हे सांगितलं, तर म्हणाली, “मग त्यांचा श्रावण बाराही महिने.” तिला लगेच कळलं.

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवा. खरं आमिष वापरायचं तर सर्कल हूकच हवा, टोक आत वळलेला. हुक असलेली काठी म्हणजे गॅफ, ती या माशाला लावायची नाही, जाळी वापरायची. आणि न्यू जर्सीत पकडलेला स्ट्रायपर विकता येत नाही.

मित्राच्या बोटीवर जाणाऱ्यांसाठी इशारा: किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांपलीकडे केंद्राची हद्द लागते. तिथे स्ट्रायपर पकडणं सोडाच, त्याच्यासाठी गळ टाकणंही बेकायदा आहे. बेमध्ये हा प्रश्न येत नाही, पण माशांमागे बाहेर वाहवत गेलात तर येतो.

३. पिशवीत काय

- तिकीट, ओळखपत्र आणि रोख पैसे. मेटला, म्हणजे डेकवरच्या मदतनिसाला, तिकिटाच्या पंधरा-वीस टक्के टिप देतात. शिवाय ‘पूल’ असतो: ज्याला भाग घ्यायचा तो पाच-दहा डॉलर टाकतो, सगळ्यात मोठा मासा ज्याचा, पैसे त्याचे.
- कपड्यांचे तीन थर आणि वरून पाणी न शिरणारं जाकीट. एडिसनला सत्तर फॅरनहाइट असलं तरी मेच्या सुरुवातीला बेचं पाणी पन्नाशीतच असतं, आणि वारा त्या पाण्यावरूनच येतो.
- न घसरणारे रबरी बूट. डेकवर रक्त, खवले आणि आमिषाचं तेल असतं. चप्पल घालून आलेला माणूस मी पाहिलाय, तासाभराने तो आडवा पडलेलाही पाहिलाय.
- काळा चष्मा, टोपी, जुना पंचा किंवा फडकं, पातळ हातमोजे.
- पक्कड. गळ काढायला बोटं वापरू नका.
- कूलर आणि बर्फ. कूलर गाडीतच ठेवा. बोटीवर छोटी पिशवी पुरते.
- खायला पोळी-भाजीचा रोल. रस्सा नको, डबा उघडायला दोन्ही हात मोकळे नसतात.

केळी मात्र नेऊ नका. मासेमारीच्या बोटीवर केळं अपशकुनी मानतात आणि ते थट्टेवारी नेत असले तरी पूर्ण थट्टा नसते. आपण समुद्राला नारळ देतो, हे केळ्याला घाबरतात. भाच्याने एकदा केळ्याचे वेफर्स काढले. मेटने पाकीट हातात घेतलं, मागचा मजकूर वाचला आणि न बोलता त्याच्याकडे बघत राहिला. त्या दिवशी कुणालाच मासा लागला नाही. मी काही म्हणत नाही.

स्वतःचा रॉड घ्यायची घाई नको. घ्यायचाच झाला तर सात फुटी, मध्यम-जड, ४००० किंवा ५००० नंबरच्या स्पिनिंग रिळाचा. त्यावर ३० पाउंडाची विणलेली दोरी आणि पुढे तीन-चार फूट चाळीस-पन्नास पाउंडाचं फ्लोरोकार्बन, म्हणजे जाड, पाण्यात न दिसणारं तंगूस. विणलेली दोरी ताणात असताना बोटाला गुंडाळू नका. सुरीसारखी कापते.

४. आदली रात्र: बोट लागू नये म्हणून

मराठीत ‘बोट लागते’. मलाही लागली. पहिल्या खेपेचा अर्धा दिवस मी रेलिंगला लोंबकळत काढला आणि माझा रॉड शेजाऱ्याने सांभाळला. आता करते ते असं: मेक्लिझिनची गोळी आदल्या रात्री एक, सकाळी निघायच्या तासभर आधी एक. आधीच काही औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. गोळी बोटीवर चढून, मळमळायला लागल्यावर घेतली तर उपयोग शून्य. सकाळी उपाशी राहू नका, कोरडी पोळी किंवा टोस्ट खा. खिशात आल्याची वडी. मळमळलंच तर आतल्या केबिनमध्ये जाऊन बसायचा मोह टाळा. उघड्यावर, बोटीच्या मधोमध उभं राहून क्षितिजाकडे बघा. फोन खिशात.

हवामान दोनदा बघा. राष्ट्रीय हवामान सेवेचा सागरी अंदाज वेगळा असतो, फोनवरचं ऊन-पावसाचं चित्र त्यासाठी चालत नाही. वारा भरतीच्या उलट दिशेने असला की लाटा आखूड आणि उभ्या होतात, पोट ढवळतं. पूर्वेच्या वाऱ्याचा दिवस मी तर सोडूनच देते.

भरती-ओहोटीही बघून ठेवा. आपल्याकडच्या उधाणाची सवय असेल तर हसू येईल: मुंबईत उधाणाला साडेचार मीटरच्या वर पाणी चढतं, इथे बेच्या तोंडाशी असलेल्या सँडी हूकला सरासरी चढउतार पाच फुटांच्या आतच. पण माशाला उंचीशी देणंघेणं नाही, त्याला पाणी वाहतं हवं. भरती संपून सुकती लागेपर्यंत पाणी उभं राहतं, तेवढा वेळ डेकवर सगळे सँडविच खातात.

५. धक्क्यावर

तासभर आधी पोचा. रेलिंगची जागा बहुतेक बोटींवर आधी येईल त्याची. जाणकार मागची बाजू धरतात. नवख्याने मधली घ्यावी, बोट तिथे कमी हलते आणि मेट येता-जाता दिसतो. मेटला पहिल्याच भेटीत सांगून टाका, “माझी पहिली वेळ.” यात लाज नाही. न सांगणाऱ्याचा तंगूस सगळ्यांच्या तंगुसात अडकतो, मग सगळ्यांनाच कळतं. शौचालय कुठे ते बोट धक्क्याला असतानाच बघून ठेवा, विशेषतः बायांनी. लाटांवर दार शोधत फिरणं अवघड जातं.

निघाल्यावर उजवीकडे सँडी हूकचं १७६४ सालचं दीपगृह, पुढे दूरवर व्हेराझानो पूल आणि त्याच्या मागे मॅनहॅटन. फोटो आत्ताच काढून घ्या, नंतर हात माखलेले असतात.

६. गळ टाकणं

भोंगा वाजला की टाकायचं, पुन्हा वाजला की गुंडाळायचं. भोंग्याआधी टाकणाऱ्यावर कॅप्टन माइकवरून ओरडतो.

मे महिन्यात सगळी धाव असते बंकरमागे. बंकर म्हणजे मेनहेडन, तारलीच्या गोतातला, हातभर नाही पण वीतभराहून मोठा, तेलकट मासा. थवा वर आला की पाण्यावर पाऊस पडल्यासारखे ठिपके उठतात. त्यात मध्येच एखादी जागा उसळली, पक्षी तुटून पडले, की खाली स्ट्रायपर आहे. कधी हंपबॅक व्हेलही त्याच थव्यात तोंड उघडून वर येतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी रॉडच सोडणार होते. बोटीने त्याच्यापासून शंभर यार्ड लांब राहायचं असतं, ते कॅप्टन बघतो.

जिवंत बंकर लावायचा तर गळ त्याच्या डोळ्यांपुढून, नाकपुडीतून घालतात. मेट करून देईल, पण बघून घ्या. बंकर खाली सोडला की रिळाचा, दोरी अडवणारा अडसर उघडा ठेवायचा आणि अंगठा हलकेच दोरीवर. मग रॉडच्या टोकाशी एक संथ टकटक जाणवत राहते: बंकर पोहतोय. अचानक ती टकटक वेडीवाकडी, घाबरल्यासारखी होते. मासा अजून लागलेला नसतो. खाली कुणीतरी आल्याचं बंकरला कळलेलं असतं. माझ्या मते अख्ख्या दिवसाची किंमत त्या पाच-सात सेकंदांत वसूल होते.

मग दोरी सरसर जाऊ लागते. हिसका मारू नका. हे मी मुद्दाम लिहिलंय कारण पहिले तीन मासे मी हिसक्यानेच घालवले. सर्कल हूकला हिसका दिला की तो तोंडातून सरळ बाहेर येतो. तीन-चार आकडे मोजा, अडसर बंद करा, दोरी आपोआप ताणू द्या आणि सावकाश गुंडाळायला लागा. गळ जबड्याच्या कोपऱ्यात स्वतःच वळून बसतो.

काही बोटी जिवंत आमिष न वापरता रबरी मासा किंवा धातूचा चमचा देतात. तिथे तळाला टेकवून वर-खाली नाचवायचा असतो. सोपं आहे, हात मात्र दुसऱ्या दिवशी दुखतो. डोक्यावरून फेकायचं नाही, मागे माणसं असतात. खालून, हाताने झोका दिल्यासारखं.

७. लागल्यावर

“फिश ऑन!” असं ओरडा. लाजू नका. शेजारी आपापले तंगूस गुंडाळतात, मेट जाळी घेऊन येतो. मासा डावीकडे धावला तर त्याच्याबरोबर चालत जा, शेजाऱ्याच्या रॉडखालून किंवा वरून, तो सांगेल तसं. रिळाचा ब्रेक आवळू नका. मासा दोरी ओढत असताना गुंडाळायचं नाही; तो थांबला की रॉड उचला, खाली आणताना गुंडाळा.

रेघा नसलेला आणि दात असलेला मासा वर आला तर तो ब्लूफिश. त्याच्या तोंडाजवळ बोट नेऊ नका. स्ट्रायपरचे दात सँडपेपरसारखे असतात, खालचा ओठ अंगठ्याने धरता येतो. संध्याकाळी अंगठा सोललेला दिसला तर दिवस चांगला गेला. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची धार आणि पाठीवरचे काटे मात्र सांभाळा.

८. मोजणं आणि सोडणं

तोंड बंद, शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत एकत्र, मासा सपाट पट्टीवर. माझा एकदा साडेबत्तीस भरला. मी पट्टी दोनदा लावून बघितली, मेट नुसता हसला.

सोडायचा असेल तर हात आधी ओले करा, म्हणजे अंगावरचा चिकट थर निघत नाही. आडवा धरा, एक हात पोटाखाली. कल्ल्यातून लोंबकळवून फोटो काढू नका. गळ खोल गेला असेल तर ओढाताण न करता तंगूस कापा. सोडलेल्या माशांपैकी सुमारे ९ टक्के मरतात असं धरून साठ्याचा हिशेब मांडला जातो. म्हणजे सोडला की पुण्य, असं सरळ नाही. कसा सोडला त्यावर आहे.

९. मिळालाच, तर

तीस इंची मासा दहा-अकरा पाउंडांचा असतो. मेट त्याचे दोन लांब फिले काढून देतो, साफ करून चारेक पाउंड हातात येतं. लगेच बर्फात घाला, पण पिशवीत, बर्फाच्या पाण्यात भिजू देऊ नका.

खायच्या आधी एक वाचन: हडसनमध्ये १९४७ पासून तीस वर्षं कारखान्यांतून पीसीबी हे रसायन सोडलं गेलं आणि ते माशाच्या चरबीत अजून सापडतं. किती खावा याचा सल्ला राज्य देतं. गरोदर बाया आणि लहान मुलांसाठी तो फार कडक आहे. तो बघूनच ताटं मांडा. कातडी काढा, बाजूने जाणारी तांबडी पट्टी कापून टाका, पोटाकडचा पातळ भाग टाका. राहिलेलं मांस पांढरं, घट्ट, रावसाच्या जवळ जाणारं. जाड तुकड्या करा. तिरफळ आणि कोकम घालून कालवण उत्तम होतं, तुकडी फुटत नाही. तळायची तर रवा लावून.

आणि डोकं. आमच्याकडे डोक्याचं कालवण ज्याच्या ताटात पडतं तो त्या दिवशीचा राजा. पहिल्या वर्षी मी मेटकडे हक्काने डोकं मागितलं आणि त्याने कौतुकाने दिलंही. नंतर चरबीचं ते सगळं वाचलं. आता धक्क्यावर डोकी आणि काटे पिंपात पडायला लागले की मी कूलर गाडीत चढवायला जाते. भाचा म्हणतो, “मावशी, कूलर तर रिकामाच आहे.”